पीएसए ६.२ आला, पण गोळीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: "माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. गेली दोन वर्षं रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठतात, धार बारीक झाली होती. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४५ ग्रॅम आली. वर्षभरापासून टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली गोळी चालू आहे, तिने बराच फरक पडला. आता रक्ताच्या तपासणीत पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं एक प्रथिन) ६.२ आला आहे, कागदावर ४ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. 'थोडाच वाढलाय, प्रोस्टेट मोठी आहे म्हणून असेल,' असं सगळे म्हणतात. पण माझ्या थोरल्या दिरांना ६६ व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. यजमान पुढच्या तपासण्यांना तयार नाहीत. काय करावं? आणि आमच्या ३४ वर्षांच्या मुलानेही तपासून घ्यावं का?"

ताई, तुम्ही जे अगदी सहज लिहून गेलात, तेच माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं आहे: वर्षभर चालू असलेली ती गोळी.

तिच्यातलं ड्युटास्टेराइड प्रोस्टेटला आकसवतं आणि रक्तातला पीएसए साधारण सहा महिने ते वर्षभरात निम्म्यावर आणतं. म्हणजे वर्षभर ही गोळी नेमाने घेणाऱ्या माणसाचा आकडा वाचताना तो दुप्पट करून वाचायचा असतो. तुमच्या यजमानांचा ६.२ हा माझ्या हिशोबी १२.४ आहे. लॅबला गोळीची कल्पना नसते, त्यामुळे कागदावर "४ पर्यंत नॉर्मल" तसंच छापून येतं. आकड्यापुढे बाण बघून "थोडाच वाढलाय" म्हणणाऱ्याची तशी चूक नाही, पण गोळीबद्दल विचारायला हवं होतं. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. केसांच्या गोळीतली मात्रा कमी असली तरी पीएसए तीही उतरवते, आणि केसांची गोळी प्रोस्टेटच्या डॉक्टरला सांगायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

हा आकडा ठोकळ आहे, सगळ्यांत नेमका निम्मा होतोच असं नाही. म्हणून जास्त उपयोगी प्रश्न वेगळा: गोळी सुरू करण्याआधी पीएसए किती होता? आधी ५ असता आणि आता २.५ झाला असता, तर मी निश्चिंत असतो. आधी ५ होता आणि गोळी घेऊनही ६.२ झाला असेल, तर तो चढता आकडा आहे. या गोळीवर असताना पीएसए खाली जाऊन पुन्हा वर येऊ लागला, तर तो "नॉर्मल"च्या आत असला तरी मी त्याच्या मागे लागतो. जुना कागद घरात कुठे असेल तर शोधून काढा. आणि हे वाचून गोळी परस्पर बंद मात्र करू नका. लघवी तुंबली तर भलतंच प्रकरण उभं राहील.

आता "प्रोस्टेट मोठी आहे म्हणून असेल" या वाक्याकडे येतो. ते पूर्ण चुकीचं नाही, आणि म्हणूनच घात करतं. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी साधारण २० ग्रॅमची. वीर्यातला काही द्रव ती तयार करते, आणि पीएसए हे त्या द्रवातलं एक प्रथिन, घट्ट वीर्य पातळ करण्याच्या कामाचं. त्याचा थोडासा अंश रक्तात झिरपतो, तोच आपण मोजतो. ग्रंथी मोठी असली की झिरपणं जास्त. सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नळी घातली तरी जास्त. कॅन्सर असला तरी जास्त. हे प्रथिन प्रोस्टेटचं आहे, कॅन्सरचं नाही. त्यामुळे वाढलेला आकडा एवढंच सांगतो की ग्रंथीत काहीतरी चाललंय. काय चाललंय हे तो सांगत नाही.

ग्रंथीच्या आकाराचा हिशोब घालायची एक साधी रीत आहे. पीएसएला ग्रंथीच्या आकाराने भागायचं. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात, आणि ०.१५ च्या वर गेली की आम्ही कान टवकारतो. तुमच्याकडच्या आकड्यांनी करून बघा. ६.२ भागिले ४५ म्हणजे जेमतेम ०.१४. "मोठ्या ग्रंथीमुळे" म्हणणारे इथे थांबतात. पण दुरुस्त केलेला १२.४ घेतला तर ०.२८ होतो. गोळीने ग्रंथीही थोडी आकसलेली असणार, त्यामुळे हा भागाकार काटेकोर नाही. तरी त्याचा कल कुठे आहे ते दिसतंच.

बायकांना आणि पुरुषांना, शिकलेल्यांना आणि न शिकलेल्यांना, सगळ्यांना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा समजवावी लागते: लघवीचा त्रास आणि प्रोस्टेटचा कॅन्सर हे एकाच घरातले दोन वेगळे भाडेकरू आहेत. नळाला जाड फडकं गुंडाळलंय असं समजा. वयानुसार होणारी वाढ ही फडक्याच्या आतल्या, नळाला खेटलेल्या पदरात होते. ती नळ आवळते, म्हणून धार बारीक होते, कुंथावं लागतं, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, रात्री उठावं लागतं. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा, सुमारे ७० टक्के, बाहेरच्या पदरात सुरू होतो. तिथे वाटाण्याएवढी गाठ झाली तरी नळाला धक्का लागत नाही. म्हणूनच सुरुवातीचा कॅन्सर काही म्हणजे काही त्रास देत नाही.

यातून दोन उलटसुलट गोष्टी निघतात. ज्याला लघवीचा भरपूर त्रास आहे त्याला बहुधा साधी वाढच असते, आणि ती वाढ पुढे कॅन्सरमध्ये बदलत नाही. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत ती सापडते. आणि ज्याला काहीच त्रास नाही, तोही सुटला असं नाही. "गोळीने धार सुधारली, आता कशाला तपासायचं" हे यजमानांचं म्हणणं मी समजू शकतो. पण गोळीने एका भाडेकरूची तक्रार मिटली, दुसरा घरात आहे की नाही याचं उत्तर मिळालं नाही.

याच गैरसमजाचं आणखी एक रूप म्हणजे "माझं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, आता पीएसए कशाला?" दुर्बिणीने जे ऑपरेशन करतात, त्यात नळ आवळणारा आतला पदर खरवडून काढतात. बाहेरचा पदर जागेवरच असतो. हे ऐकून दहा वर्षं निर्धास्त बसलेले रुग्ण चपापतात. ऑपरेशनच्या वेळी हे समजावून सांगणं आमचं काम होतं, आणि ते नेहमी नीट होतं असं मी म्हणणार नाही.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत मी कोणत्या क्रमाने गेलो असतो ते सांगतो.

आधी लघवीची तपासणी आणि कल्चर. संसर्ग निघाला तर त्यावर उपचार, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पीएसए, त्याच लॅबमध्ये. संसर्ग नसला तरी आकडा एकदा पुन्हा करून घ्यायचा, कारण एकट्या आकड्यावर कुणाला बायोप्सीची, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे तपासायला काढण्याची, सुई टोचू नये. रक्त देण्याआधी दोन दिवस संबंध टाळावेत, लांबलचक सायकलिंगही नको. मात्र "पुन्हा करू" म्हणत सहा महिने घालवू नयेत.

मग बोटाने केलेली तपासणी. पुरुष पळतात ते याला. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. हातमोजा आणि जेली लावून गुदद्वारातून ग्रंथीची मागची बाजू चाचपायची. अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही. निव्वळ चाळणी म्हणून, म्हणजे त्रास नसलेल्यांची सरसकट तपासणी म्हणून, ही फार भरवशाची नाही. पण पीएसए वाढलेला असताना बोटाला टणक, खडबडीत गाठ लागली तर पुढचा सगळा विचार बदलतो, म्हणून मी ती सोडत नाही.

त्यानंतर प्रोस्टेटचा एमआरआय, आणि तो बायोप्सीच्या आधी. हा क्रम लक्षात ठेवा. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळतं आणि चित्र गढूळ होतं. शिवाय २०१७ आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की आधी एमआरआय केला तर काहींची बायोप्सी टळते, आणि ज्यांची होते त्यांच्यात नेमक्या जागेवर सुई मारता येते. एमआरआयच्या रिपोर्टवर पायरॅड्स नावाचा १ ते ५ गुणांचा आकडा असतो. १-२ म्हणजे शंका कमी, ४-५ म्हणजे बायोप्सी करायचीच, ३ म्हणजे बाकीच्या गोष्टी जोडून ठरवायचं. सोनोग्राफीने हे काम होत नाही. ती आकार आणि पिशवीत उरलेली लघवी छान सांगते, गाठीबद्दल फारसं काही सांगत नाही.

यजमानांचा एमआरआय अगदी स्वच्छ आला तरी, दुरुस्त आकडा १० च्या वर आणि भावाला कॅन्सर हे दोन्ही धरता, मी बायोप्सीचा विषय काढेनच. पीएसए १० च्या वर असलेल्यांत बायोप्सीमध्ये साधारण निम्म्या जणांना कॅन्सर सापडतो असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे निम्म्यांना सापडत नाही, हेही त्यांना सांगा. आणि ४ च्या आतले सगळे सुरक्षित, असंही नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४ पर्यंत पीएसए असलेल्यांचीही बायोप्सी केली, तेव्हा १५ टक्क्यांत कॅन्सर सापडला होता, त्यातले बरेचसे सौम्य.

"सुई लागली की कॅन्सर पसरतो" ही भीती घरोघरी असते. प्रोस्टेटच्या बाबतीत तिला आधार नाही. खरा धोका संसर्गाचा असतो, विशेषतः गुदद्वारातून सुई घातली तर. अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून केलेल्या बायोप्सीत तो कमी असतो, तशी सोय आहे का हे विचारा. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसतं. आधी सांगितलं नाही तर माणूस हादरतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती आधी सांगायला विसरू नका.

समजा, कॅन्सर निघाला. मग लगेच "काढून टाका" म्हणू नका. थोरल्या दिरांचं जे झालं तेच यांचं होईल असंही धरू नका. प्रोस्टेटचा कॅन्सर हे एकच नाव असलं तरी आत वेगवेगळ्या स्वभावाचे आजार आहेत. तो स्वभाव सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायची पद्धत डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टने १९६६ साली मांडली, आणि आजही रिपोर्टवर त्याचंच नाव असतं. ग्लीसन ३+३=६ म्हणजे सगळ्यात मवाळ. ४+४=८ पासून पुढे आक्रमक. मधला ७ दोन प्रकारचा: ३+४ आणि ४+३. बेरीज एकच, पण दुसरा जास्त वाईट, कारण पहिला आकडा गाठीत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या पेशींच्या नमुन्याचा असतो. हल्ली यांनाच १ ते ५ असे गट दिलेले असतात.

मवाळ कॅन्सरमध्ये बरेचदा योग्य उपचार म्हणजे उपचार न करता डोळ्यात तेल घालून पहारा देणं: ठराविक अंतराने पीएसए, एमआरआय, गरजेप्रमाणे पुन्हा बायोप्सी. हे घरच्यांच्या गळी उतरवणं ऑपरेशन करण्यापेक्षा अवघड जातं. "कॅन्सर आहे आणि डॉक्टर नुसते बघत बसलेत" असं नातेवाईक म्हणतात. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: पहारा, शस्त्रक्रिया, रेडिएशन. १५ वर्षांनी, २०२३ साली निकाल आला. तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले सारखेच, जेमतेम ३ टक्के. पण दुसरी बाजूही सांगतो, कारण ती गाळून हा अभ्यास सांगण्याची फॅशन आहे. पहाऱ्याच्या गटात कॅन्सर इतरत्र पसरल्याचं प्रमाण ९ टक्क्यांच्या वर होतं, उरलेल्या दोन्ही गटांत सुमारे ५. आणि पहाऱ्यावर ठेवलेल्यांपैकी साठ टक्क्यांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावाच लागला. आजचा एमआरआयसह केलेला पहारा त्या वेळच्यापेक्षा कडक असतो, तरी त्यावर ठेवलेल्या माणसाने तपासण्या चुकवून चालत नाही.

आक्रमक पण ग्रंथीपुरता असेल तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. दोन्हींनी बरा होतो, दोन्हींची किंमत असते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा काही महिने सैल होतो, काहींचा कायमचा. ताठरतेवर परिणाम दोन्हींत होतो, शस्त्रक्रियेत लगेच, रेडिएशनमध्ये सावकाश. रेडिएशनमध्ये आतड्याच्या शेवटच्या भागाचा त्रास असतो. ताठरतेचा प्रश्न ६१ व्या वर्षी बायको समोर असताना विचारायला पुरुष लाजतात आणि नंतर वर्षानुवर्षं कुढतात. तुम्ही दोघांनी आधीच विचारा. आम्हाला यात नवीन काही नसतं.

पसरलेला निघाला तरी हातात बरंच काही असतं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्सने १९४१ मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल १९६६ चं नोबेल मिळवलं. हार्मोन तोडणारी इंजेक्शनं आणि त्यावर दिलेल्या नव्या गोळ्या यांनी रुग्ण वर्षानुवर्षं चांगले राहतात. त्यांनी अंगाची लाही होते, हाडं ठिसूळ होतात, वजन वाढतं, त्यामुळे हाडांकडे आणि व्यायामाकडे लक्ष ठेवावं लागतं.

तुम्ही कुठेतरी वाचाल की पीएसए तपासणीच निरुपयोगी आहे. हा वाद खराखुरा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८६ साली ती मंजूर केली ती आधीच निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी, आणि १९९४ साली कॅन्सर शोधण्यासाठीही. त्यानंतर सरसकट तपासण्या झाल्या, ज्या कॅन्सरने उभ्या आयुष्यात काही केलं नसतं तेही सापडले, आणि गरज नसलेल्या ऑपरेशनांनी लघवीवरचा ताबा जाऊन हजारोंनी विनाकारण डायपर लावले. म्हणून २०१२ साली अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने "करूच नका" म्हटलं. २०१८ साली तीच समिती मवाळ झाली: ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा, ७० नंतर चाळणी म्हणून नको. माझं मत विचाराल तर दोष आकड्याचा नव्हता, आकडा दिसला की सुई आणि सुईनंतर लगेच सुरी, या घाईचा होता. एमआरआय आणि पहारा हे दोन्ही आल्यापासून ती साखळी मधे दोनदा तोडता येते. पण हा वाद त्रास आणि जोखीम नसलेल्यांच्या चाळणीचा आहे. तुमच्या यजमानांचा आकडा हातात आलेला आहे, भावाचा इतिहास आहे. त्यांच्यासाठी तो प्रश्न मागे पडला.

आता मुलाचं. सख्ख्या काकांना कॅन्सर झाल्याने जोखीम थोडी वाढते, वडील किंवा भावाला झाला असेल तर साधारण दुप्पट होते. ३४ व्या वर्षी पीएसए करून हाती काही लागणार नाही. ४५ च्या सुमारास सुरू करावं. अपवाद एकच: घरात कमी वयात प्रोस्टेटचा, स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेले बरेच जण असतील तर बीआरसीए-२ या जनुकातल्या बदलाची चौकशी करा. तो बदल असेल तर चाळिशीपासून. तेव्हा तुमच्या सासरच्या बाजूच्या बायकांनाही विचारा, हा "पुरुषांचा आजार" म्हणून त्यांना वगळू नका.

मुलाने कसल्या गोळ्या खाऊन बचाव करता येईल का, हा पुढचा प्रश्न येतोच. ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम देऊन बघितलं. फायदा शून्य, उलट नुसतं जीवनसत्त्व ई घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त निघाला. धूम्रपान करत असेल तर सोडावं, वजन आटोक्यात ठेवावं. याहून जास्त मी काही सांगणार नाही.

लघवीच्या बाजूचं जाता जाता: रात्रीच्या तीन फेऱ्या प्रोस्टेटच्याच असतील असं नाही. मधुमेह, पायावरची सूज, झोपेत श्वास अडकून घोरणं, संध्याकाळी घेतलेली रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी, यांनीही माणूस उठतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी साफ तुंबते, त्या त्यांना देऊ नका. टॅम्सुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री पलंगाच्या कडेवर मिनिटभर बसून मग उठावं. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी आवर्जून सांगा. तिने बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेत लुळा पडतो.

यातलं काही झालं तर मात्र वेळ न घेता जा: लघवीत रक्त, लघवी पूर्ण बंद, थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ. पाठीचं दुखणं रात्री झोपू न देणारं असेल तरी दाखवा, आणि त्यासोबत पायातली शक्ती जाऊ लागली किंवा बधिरपणा आला तर त्याच दिवशी, कारण मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तासांचा हिशोब असतो.

यजमानांना तयार कसं करायचं? बायोप्सीबद्दल सध्या बोलूच नका. "पीएसए पुन्हा करायचाय, कारण गोळीमुळे आकडा चुकीचा दिसतो" एवढंच सांगा. ते खरंही आहे. डॉक्टरांकडे जाताना जुने सगळे पीएसए तारखांसह, गोळी सुरू केल्याची तारीख, सोनोग्राफीचा कागद आणि दिरांचा बायोप्सी रिपोर्ट मिळाला तर तो, एवढं बरोबर ठेवा. आणि तुम्ही आत जाऊन शेजारी बसा. ते "तसा काही त्रास नाही" म्हणतील, तेव्हा रात्री दिवा किती वेळा लागतो ते तुम्हीच सांगणार आहात.